नादाब, अबीहू आणि गप्प राहिलेला बाप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं; त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात मुख्य याजक अहरोनाचे दोन थोरले मुलगे, नादाब आणि अबीहू, धुपाटणी घेऊन देवापुढे जातात आणि तिथल्या तिथे जळून मरतात. त्यावर मोशे आपल्या भावाला सांगतो, देव हेच म्हणाला होता, ‘जे माझ्या जवळचे आहेत त्यांच्यातून माझं पावित्र्य प्रकट होईल आणि सगळ्या लोकांसमोर माझा गौरव होईल.’ अहरोन गप्प राहतो. मग यहुद्यांच्या दृष्टीने देवाच्या जवळ जाणं हे वरदान की संकट? आणि पोटची दोन मुलं समोर पडलेली असताना बापाला हे ऐकवणं म्हणजे सांत्वन की जखमेवर मीठ?

मी बरीच वर्षं मराठी बोलणाऱ्यांना तोरा शिकवतो. हा उतारा आला की वर्गात पहिला हात याच प्रश्नासाठी वर जातो. माझं उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना सोपं जाईल. या वचनातला खरा वाद ‘जवळीक चांगली की वाईट’ हा नाहीच. ‘जवळचे’ म्हणजे कोण, मेलेले मुलगे की जिवंत बाप, हा वाद आहे. ज्याचं उत्तर ‘मुलगे’ त्याला सगळा प्रसंग एका प्रकारे दिसतो, ज्याचं ‘बाप’ त्याला अगदी वेगळा.

आधी प्रसंग नीट पाहू. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, उभा राहिला आहे, याजकांच्या दीक्षेचे सात दिवस संपले आहेत, हा आठवा दिवस. नवव्या अध्यायाच्या शेवटच्या ओळीत देवासमोरून अग्नी निघतो आणि वेदीवरचं होमार्पण भस्म करतो. लोक आनंदाने ओरडतात, पालथे पडतात. पुढच्या दोनच ओळींनंतर पुन्हा देवासमोरून अग्नी निघतो आणि या दोघांना भस्म करतो. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी शब्द तेच आहेत. ज्या अग्नीने अर्पण स्वीकारलं त्याच अग्नीने माणसं घेतली. त्यांचा गुन्हा म्हणून मजकूर एवढंच सांगतो की त्यांनी ‘परका अग्नी’ आणला, ‘ज्याची आज्ञा त्याने त्यांना दिली नव्हती’. बस्स.

एवढ्यावर कोणाचं समाधान होईल? प्राचीन रब्बींचंही, म्हणजे यहुदी धर्मपंडितांचंही, झालं नाही, आणि त्यांनी गुन्हे शोधायला सुरुवात केली. रब्बी एलिएझर म्हणतात, गुरू मोशे समोर असताना त्यांनी स्वतःच धर्मनिर्णय दिला. रब्बी इश्माएल म्हणतात, ते दारू पिऊन आत गेले, कारण याच प्रसंगानंतर लगेच याजकांनी दारू पिऊन आत येऊ नये असा नियम येतो. लेवीय पुस्तकावरच्या मिद्राशात, म्हणजे रब्बींच्या विवरणांच्या संग्रहात, आणखी आरोप आहेत: लग्नं केली नाहीत, आपल्या तोलाची मुलगी कुठे आहे अशी घमेंड होती, एकमेकांचा सल्ला घेतला नाही. तल्मूद हा रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ; त्याच्या सान्हेद्रिन भागात तर असं चित्र आहे की मोशे आणि अहरोन पुढे चालले आहेत, हे दोघे मागून येत आहेत, आणि नादाब अबीहूच्या कानात म्हणतो, ‘हे दोन म्हातारे कधी मरतात आणि आपल्या हाती कारभार कधी येतो?’ देव म्हणतो, बघू कोण कोणाला पुरतो ते. तिथेच रब्बी पापा एक म्हण जोडतात: कित्येक म्हाताऱ्या उंटांच्या पाठीवर कोवळ्या उंटांची कातडी लादलेली असते.

मला ही यादी वाचताना नेहमी वाटतं की आरोप जितके जास्त, तितका एकेक आरोप पोकळ. एकच ठाम कारण सापडलं असतं तर दहा कारणं कशाला लागली असती? हे शोध घेणारे लोक अस्वस्थ होते, आणि त्यांची अस्वस्थता मला त्यांच्या उत्तरांपेक्षा जास्त शिकवते. शिवाय या दोघांची आधीची नोंद चांगली आहे. तोरातल्या निर्गम पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मोशे, अहरोन आणि सत्तर वडीलधाऱ्यांबरोबर नादाब आणि अबीहू यांना नावानिशी सीनाय पर्वतावर बोलावलं जातं. त्यांनी तिथे देवाचं दर्शन घेतलं, खाल्लं-प्यायलं आणि देवाने त्यांच्यावर हात उगारला नाही. म्हणजे हे कोणी आगंतुक नव्हते.

सिफ्रा हा लेवीयवरचा प्राचीन ग्रंथ याच्या उलट टोकाला जातो. त्यात म्हटलं आहे की नवा अग्नी उतरलेला पाहून त्या दोघांना आनंद झाला आणि प्रेमात आणखी प्रेमाची भर घालायला ते उठले. दारू नाही, घमेंड नाही, सत्तेची हाव नाही. प्रेमच, पण न मागितलेलं. हे एक वाक्य वाचल्यावर वरची सगळी यादी मला वकिली वाटू लागते.

याच ग्रंथात पुढे एक वाद आहे आणि तो तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो. सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला म्हटलं आहे की ते ‘देवाजवळ गेले आणि मेले’. तिथे परक्या अग्नीचा उल्लेखही नाही. मग मेले कशामुळे? रब्बी योसे हागलीली म्हणतात, जवळ गेल्यामुळे, अर्पणामुळे नाही. रब्बी अकिवा म्हणतात, उलट. जवळ जाणं हा गुन्हा नव्हता, परका अग्नी हा गुन्हा होता. रब्बी एलआझार बेन अझर्‍या म्हणतात, दोन्हींपैकी एकेक गोष्टही मरणाला पुरेशी होती.

आता हे माझं स्वतःचं जोडकाम आहे, कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. हेच अकिवा तल्मूदच्या हगीगा भागातल्या प्रसिद्ध कथेत येतात. चौघे ‘पार्देस’मध्ये, म्हणजे परमगूढाच्या बागेत शिरले. बेन अझ्झाईने डोकावून पाहिलं आणि तो मेला. बेन झोमाचं चित्त भ्रमलं. तिसऱ्याने रोपं छाटली, म्हणजे श्रद्धाच उखडली. अकिवा मात्र सुखरूप परतले. जवळ जाण्यात मरण नाही, चुकीच्या रीतीने जाण्यात आहे, असं म्हणणारा माणूस हाच असावा यात मला नवल वाटत नाही. आणि तिथे बेन अझ्झाईला दोष दिलेला नाही. त्याच्यासाठी स्तोत्रातली ओळ म्हटली आहे, की भक्तांचं मरण देवाच्या दृष्टीने मोलाचं आहे.

आता मोशेच्या वाक्याकडे येऊ. अडचण अशी की मोशे म्हणतो ‘देव हेच म्हणाला होता’, पण असं वाक्य आधी कुठेच सापडत नाही. तल्मूदच्या जेवाहीम भागात याचा माग काढला आहे आणि फ्रान्समधल्या ट्रॉय गावच्या राशी या भाष्यकारांनी (१०४०–११०५) तोच आपल्या भाष्यात घेतला. निर्गम २९:४३ मध्ये देव म्हणतो, हा मंडप ‘माझ्या गौरवाने’ पवित्र होईल. रब्बी ते थोडं वळवून ‘माझ्या गौरवलेल्या माणसांनी’ असं वाचतात. मग मोशेचं बोलणं असं होतं: दादा, हे घर देवाच्या लाडक्या माणसांमधून पवित्र होणार हे मला ठाऊक होतं. मला वाटलं होतं, एक तर मी नाहीतर तू. आता दिसतं आहे की ते दोघे तुझ्या-माझ्यापेक्षा मोठे होते.

या वाचनात ‘जवळचे’ म्हणजे मेलेले मुलगे. बहुतेक घरांत आणि बहुतेक सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरांत, हेच शिकवलं जातं. त्याची ताकद उघड आहे. बाप उभा आहे, आजूबाजूचे कुजबुजत असतील की पोरांनी काहीतरी पाप केलं असणार, आणि मोशे सगळ्यांदेखत म्हणतो, ते आपल्याहून थोर होते. राशी पुढे म्हणतात की अहरोन गप्प राहिला त्याचं त्याला फळ मिळालं: दारूबद्दलचा पुढचा नियम देवाने मोशेला मध्ये न घालता एकट्या अहरोनाला सांगितला. पण किंमतही उघड आहे. मंदिराचं उद्घाटन माणसांच्या मरणाने पवित्र होतं असा अर्थ त्यातून निघतो, आणि तो मला गिळवत नाही.

तो राशींच्या घरातच एकाला गिळवला नाही. रश्बाम म्हणजे राशींच्या मुलीचा मुलगा, आजोबांचाच शिष्य. मजकुराचा सरळ अर्थ लावण्याबद्दल त्याचा इतका हट्ट की त्याने एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे: मी आजोबांपुढे वाद घातला आणि त्यांनी मान्य केलं की सवड असती तर रोज नव्याने सुचणाऱ्या सरळ अर्थांनुसार दुसरी भाष्यं लिहायला हवीत. या वचनावर तो आजोबांचं मत सरळ बाजूला ठेवतो. माझं घर बांधा आणि त्याच दिवशी तुमच्यातले थोर मरतील, असं देव मोशेला सांगेल का, असा त्याचा सूर आहे. त्याच्या मते मोशे मेलेल्यांबद्दल बोलतच नाही. तो अहरोनाला सांगतो आहे, आज रडू नकोस, सेवा सोडू नकोस. मुख्य याजकाने आई-बाप गेले तरी पवित्रस्थान सोडू नये हा नियम पुढे एकविसाव्या अध्यायात येतो, आणि देव ‘म्हणाला होता’ ते हेच. ‘जवळचे’ म्हणजे रोज समोर उभे राहून सेवा करणारे याजक. मुलांची प्रेतं पाहूनही अहरोन आपल्या जागी उभा राहतो, त्यातून देवाचं पावित्र्य लोकांसमोर येतं. ‘अहरोन गप्प राहिला’ याचा अर्थ त्याने रडणं आवरलं.

रश्बामचं वाचन मला मजकुराला जास्त धरून वाटतं, आणि माझा कल त्याच्याकडेच आहे. मोशेच्या पुढच्या सूचना पाहा: केस मोकळे सोडू नका, कपडे फाडू नका, मंडपाच्या दारातून बाहेर जाऊ नका. बोलणं सगळं जिवंतांशी चाललं आहे. तरी हे वाचन मऊ आहे असं समजू नका. बापाला रडूही न देणं यात कसली माया? स्पेनमधले भाष्यकार नाखमानिदेस (११९४–१२७०) इथे एक बारीक गोष्ट सुचवतात, ती मला फार माणुसकीची वाटते. ते म्हणतात, ‘गप्प राहिला’ याचा अर्थ तो आधी मोठ्याने रडत होता आणि मग शांत झाला. म्हणजे रडून झालं होतं. आणि त्याच सूचनेच्या मध्यभागी मोशे म्हणतो की तुमचे भाऊबंद, सगळं इस्राएल घराणं, या जळण्याबद्दल रडेल. ज्यांना ड्यूटीमुळे रडता येत नाही त्यांच्या वाटचं रडणं लोकांनी रडायचं. ही ओळ घाईत निसटते. शिकवताना मी तिथे थांबतो.

मुलग्यांना ‘जवळचे’ मानणारी एक वेगळी परंपराही आहे आणि तिचा धागा जुना आहे. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, म्हणतो की ते जगण्यासाठीच मेले. त्यांचा अग्नी ‘परका’ होता तो या नश्वर जगाला परका होता. शिक्षा नव्हेच, ते वर उचलले गेले. सतराशे वर्षांनी मोरोक्कोत जन्मलेले आणि अखेरीस जेरुसलेमला आलेले हायीम इब्न अत्तार (१६९६–१७४३) यांनी ‘ओर हाहायीम’ या भाष्यात याहून धीट लिहिलं. सगळ्या संतांचं मरण म्हणजे देवाचं चुंबन, असं परंपरा मानते. फरक एवढाच की इतरांकडे ते चुंबन चालत येतं आणि हे दोघे त्याच्याकडे चालत गेले. प्राण निघतो आहे हे जाणवत असूनही त्या गोडीपासून त्यांना मागे फिरवेना. आपल्याकडे अभंग ऐकत वाढलेल्या माणसाला हे लगेच पोचतं, हा माझा अनुभव. म्हणूनच मी सावध करतो: इब्न अत्तार त्यांचं मोठेपण सांगतात, अनुकरण करायला सांगत नाहीत. ते हे लिहितात ते सोळाव्या अध्यायाच्या पहिल्या ओळीवर, आणि दुसऱ्याच ओळीत देव अहरोनाला बजावतो की वाटेल तेव्हा आत यायचं नाही, नाहीतर मरशील. त्या दोन ओळींवर राशींनी रब्बी एलआझार बेन अझर्‍यांचा दृष्टान्त दिला आहे. एक वैद्य रोग्याला सांगतो, थंड खाऊ नकोस, ओलीत झोपू नकोस. दुसरा सांगतो, थंड खाऊ नकोस, ओलीत झोपू नकोस, नाहीतर अमका मेला तसा मरशील. दुसऱ्याचं जास्त लक्षात राहतं.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रब्बी साम्सोन राफाएल हिर्श (१८०८–१८८८) यांनी याच ‘परक्या अग्नी’वर बोट ठेवलं. त्यांच्याभोवती सुधारणावादी प्रार्थनापद्धती पसरत होती, हे ध्यानात ठेवून त्यांना वाचायचं. भावनेच्या भरात स्वतःच्या मनाने सेवा रचणं म्हणजे देवाच्या जवळ जाणं नव्हे, ते स्वतःच्याच जवळ जाणं, असा त्यांचा रोख. आणि जो जितका जवळचा त्याला तितकी सूट कमी.

ही ‘सूट कमी’ची कल्पना तल्मूदमध्ये एका हृदय पिळवटणाऱ्या गोष्टीतून येते. नेहुन्या नावाचा माणूस यात्रेकरूंसाठी पाण्याच्या विहिरी खणत असे. त्याची मुलगी एका मोठ्या विहिरीत पडली. लोक रब्बी हनिना बेन दोसांकडे धावले. ते म्हणाले, ती सुखरूप आहे, आणि ती खरंच वर आली. तुम्ही संदेष्टे आहात का, असं विचारल्यावर ते म्हणाले, नाही. पण ज्या कामात तो भला माणूस झिजला त्याच कामात त्याचं लेकरू कसं बुडेल? गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण तल्मूद पुढे सांगतं: तरी त्याचा मुलगा तहानेने मेला. का? कारण देव आपल्या भोवतालच्यांशी केसाएवढाही काटेकोर असतो. पाणी पुरवणाऱ्याचा मुलगा तहानेने. मला वाटतं, हे सांगणाऱ्याला स्पष्टीकरण द्यायचं नव्हतं. हनिनांचं गोड उत्तर नेहमी लागू पडत नाही, एवढं नोंदवून ठेवायचं होतं.

मग यहुदी परंपरेने जवळीक सोडून दिली का? नाही, तिला वेळ, जागा आणि रीत दिली. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी, वर्षातून एकदा, मुख्य याजक धूप घेऊन परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात, शिरे. नादाब-अबीहूंच्या हातातलीच वस्तू. मिश्ना म्हणजे तल्मूदचा जुना गाभा; त्याच्या योमा भागात त्याची तयारी दिली आहे: सात दिवस आधी त्याला घरापासून वेगळं ठेवायचं, आदल्या रात्री झोपू द्यायचं नाही, त्या दिवशी पाच वेळा स्नान आणि दहा वेळा हात-पाय धुणं. वडीलधारे त्याला शपथ घालत की सांगितलं त्यात काही बदल करणार नाहीस. मग तो बाजूला होऊन रडे आणि तेही बाजूला होऊन रडत. तो रडे कारण त्याच्यावर संशय घेतला. ते रडत कारण घ्यावा लागला. संशय कशाचा? सदूकी पंथाचे लोक धूप आत नेण्याआधी बाहेरच पेटवावा असं मानत. पुन्हा अग्नी आणि धूपच! बाहेर आल्यावर त्याने प्रार्थना छोटीच करायची, नाहीतर लोक घाबरतील की आत काही झालं. आणि सुखरूप परतल्याबद्दल तो मित्रांना जेवण घाली. त्याच्या पायाला दोर बांधत असत हे तुम्ही ऐकलं असेल. ते झोहार या गूढवादी ग्रंथात आहे, मिश्नात नाही.

आजही योम किप्पूरच्या सकाळी सिनेगॉगमध्ये जे वाचन होतं ते ‘अहरोनाचे दोन मुलगे मेल्यानंतर’ या शब्दांनीच सुरू होतं. कोकणातले आपले बेने इस्राएल यहुदी या दिवसाला पूर्वी दारफाळणीचा सण म्हणत, दारं बंद करून घरात राहण्याचा दिवस. बेने इस्राएलांमध्ये कोहेन, म्हणजे अहरोनाच्या वंशातले याजक, परंपरेने नाहीतच. त्यामुळे हा उतारा आमच्याकडे कोणाच्या घराण्याची गोष्ट म्हणून ऐकला जात नाही, सगळ्यांची म्हणून ऐकला जातो.

राहिला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हे वचन यहुदी शोकसभांमध्ये पुष्कळ वापरलं जातं, विशेषतः तरुण किंवा थोर माणूस अचानक गेला की. राशींचा अर्थ मनात धरून वापरतात. मी स्वतः आई-बापांसमोर ते कधी म्हणत नाही. कारण तल्मूदच्याच बाबा मेत्सिया भागात स्पष्ट मनाई आहे: ज्याच्यावर दुःख कोसळलं आहे किंवा ज्याने आपली मुलं पुरली आहेत, त्याच्याशी ईयोबाचे मित्र, त्या दुःखी माणसालाच दोष देत, बोलले तसं बोलू नये. का घडलं याची कारणं त्याला सांगू नयेत. मोशे भाऊ होता, संदेष्टा होता, आणि तरीही रश्बामच्या मते तो कारण सांगतच नव्हता.

आणि वाचणारे बहुतेक तिसऱ्या ओळीवर थांबतात, तो अध्याय तिथे संपत नाही. त्याच दिवशी, सोळाव्या ओळीपासून, मोशे पापार्पणाचा बोकड शोधतो. नियमाप्रमाणे तो याजकांनी खायला हवा होता, पण तो जाळून टाकलेला आढळतो. मोशे संतापतो आणि उरलेल्या दोन मुलांवर, एलाजार आणि इथामार यांच्यावर ओरडतो. राशी म्हणतात, राग अहरोनावर होता, पण त्याचा मान राखायला तोंड मुलांकडे केलं. तेव्हा गप्प राहिलेला अहरोन बोलतो. आज असं सगळं माझ्यावर आलं असताना मी ते पापार्पण खाल्लं असतं तर देवाला ते बरं वाटलं असतं का? सेवा त्याने केली, जागा सोडली नाही, कपडे फाडले नाहीत. पण पवित्र जेवण मात्र त्याच्या घशाखाली उतरलं नाही, आणि ते तो मोशेच्या तोंडावर सांगतो. मोशेने ऐकलं आणि त्याला ते पटलं. तल्मूद म्हणतं, मोशेने लाज न बाळगता कबूल केलं की हा नियम मी ऐकला होता आणि विसरलो.